बाहेरचं युनिट

रुवीच्या बागेत, मगरिबनंतर,
विद्यापीठाच्या पोरींनी टेबल मांडलं.
सहा जण. प्रत्येकी दहा निळ्या चकत्या.
मधे खजुराचा रिकामा डबा,
पडद्याआडून हात घालून टाकायच्या, कुणाला न दाखवता.
डब्यात चाळीस झाल्या तर उरलेल्या ज्याच्या त्याच्या,
नाहीतर सगळ्यांच्याच बुडाल्या.
शहर असंच तापतं, म्हणाली झुवैना.

लिसम्मा सिस्टरनं डोळे मिटून टाकल्या.
गुलरेज ड्रायव्हर हसत होता,
मीटर बंद असल्यावर हसतो तसा.

मी एसीवाला.
मला कुणी शिकवायला नको,
आत गारवा म्हणजे
बाहेर कुणाच्यातरी दारात ओतलेलं ऊन.
एकोणीस वर्षं ओततोय,
पावती फाडून.
तरी मुठीत चार राहिल्याच.

सदतीस भरल्या.
कुणी कुणाकडे बघेना.
खलफानचाचा गुडघा चोळत म्हणाले,
"परत एकदा खेळू या की, पोरी."
तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

खोलीवर आलो. आठ कॉट, एक रिमोट.
अठरावरून सव्वीस केलं,
चोरासारखं.
अंधारातून शिवी आली, अस्सल कराडची.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग कुणीतरी उठलं,
भिंत चाचपत,
पंख्याच्या बटणाकडे.