दहा वार

माझं काम साधं. दोन काठ्या, मध्ये साखळी.
कापडवाला मोजतो तसे दहा वार,
ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.
नेब्रास्कात, हार्लन फोर्कच्या शाळेच्या मैदानावर
बेचाळीस हिवाळे, दर शुक्रवारी
पुढची काठी मी धरली.
मागची माझा मेव्हणा मिलोश धरायचा,
आता त्याचा मुलगा धरतो.

वेंडेल कुचेरा तेव्हा सतरा वर्षांचा.
बापाची डुकरं, आईचे मोठे कान,
हेल्मेट काढलं की लालभडक.
पण त्याच्या हातून चेंडू सुटला
की बाकांवरच्या बायकांची लोकर
सुईवरच थांबायची.

त्या रात्री अर्धवट वितळलेलं बर्फ,
घोट्यापर्यंत चिखल,
दीड मिनिट उरलेलं. चौथा, शेवटचा डाव.
चेंडू द्यायला कुणी मोकळं नाही,
म्हणून तो स्वतःच घुसला,
आणि त्याच्यावर आठ जण.

पंचानं आम्हाला बोलावलं. धावलो.
पंच चष्मा पुसत होता.
साखळी ताणायची असते.
मी ताणली नाही.

चार बोटं. चिखलानं झाकली.
पंचाचा हात पुढे झाला, मोटारींचे भोंगे सुरू झाले,
आणि वरच्या ओळीत विद्यापीठाचा एक माणूस
वही काढून काहीतरी लिहू लागला.

पुढचं गावाला पाठ आहे.
विद्यापीठ. मग मोठी लीग,
तिथे तिसरा क्वार्टरबॅक, म्हणजे
कोरडी टोपी घालून
दुसऱ्यांचे डाव फळीवर टिपणारा.
पाच हंगामांत एकोणीस मिनिटं खेळला.
एकोणिसाव्या मिनिटाला खांद्यावर बसलेला वार
थंडी पडायच्या आधी त्याला थंडी सांगतो.
लग्न केलं, मोडलं. विमा विकला,
म्हणजे विकायचा प्रयत्न केला.
मग एका ऑगस्टमध्ये परत आला.
शाळेला प्रशिक्षक हवा होता
आणि पिवळ्या बसला ड्रायव्हर.
दोन्ही झाला.

तेवीस वर्षं. मुलांची नावं बदलत गेली.
कुचेरा, ह्लावाच शहरात गेले,
मांसाच्या कारखान्यामागून एलिसेओ आला, अब्दिरिझाक आला,
आणि सगळ्यांना त्याचं एकच सांगणं:
दहा मागतात, तुम्ही अकरा द्या,
मोजायची वेळच आणू नका.
कपड्यांच्या खोलीच्या दारावर त्यानं स्वतः रंगवलेला
वाकडा अकरा. एक काडी दुसरीपेक्षा लांब.
मला वाटायचं, प्रशिक्षक असंच बोलतात.

परवा त्याचा शेवटचा सामना. हरले, सोळा गुणांनी.
मी साखळी बादलीत गुंडाळत होतो,
तो कागदी कपात कॉफी घेऊन आला, अर्धी मला दिली.
म्हटलं, वेंडेल, त्या रात्री मी...
"चार बोटं," तो म्हणाला.
"खाली होतो ना मी. तोंड चिखलात, साखळी नाकासमोर.
कडीवर कडी पडलेली."
बोलला का नाहीस?
"सतरा वर्षांचा होतो." मग थोड्या वेळानं, "तू?"
एकतीस, मी म्हटलं.
कॉफी निवून गेली होती, तरी प्यायलो.

त्या रात्री हरलेल्यांचा क्वार्टरबॅक, रॉस टेनब्रिंक,
पुढे हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर असायचा.
माझे सुटे पैसे तळहातावर एकेक नाणं मोजून द्यायचा,
त्याला काहीच ठाऊक नव्हतं,
आणि मी बारा मैल लांबच्या पंपावर जायला लागलो.
"मी दर नाताळला त्याला फोन करतो," वेंडेल म्हणाला.
सांगितलंस?
"नाही. नुसता फोन."

दिवेवाला खालून ओरडला, आवरा.
वेंडेलनं बादलीतून मागची काठी उचलली
आणि चालत सुटला, चांगला खांदा पुढे काढून,
कड्या एकेक करत गवतावरून उठल्या,
साखळी ताठ झाली, एकदा वाजली.
तो त्या टोकाला, मी या टोकाला,
मध्ये दहा वार.
चेंडू कुणीच ठेवला नव्हता.