निळा अंगठा

महापे. रात्रीचे दोन चाळीस.
सर्व्हर हॉलमध्ये बावीस अंश. मी वहीत लिहितो: बावीस.
भिंतीतल्या सेन्सरने ते आधीच कुणाला तरी कळवलेलं असतं,
तरी वही आहे,
आणि वहीला दोरीने बांधलेलं पेन.

ड्रॉवरमध्ये बाबांनी शिवलेला गठ्ठा.
मासिकांतून कापलेल्या विज्ञानकथा, पोत्याच्या सुतळीने टाचलेल्या.
मागच्या बाजूला केशतेलाची जाहिरात, अर्धीच:
बाईचा अंबाडा इथे,
चेहरा दुसऱ्या गोष्टीच्या पाठीवर.
हिराजी मढवी, राहणार गोठिवली,
रंगाच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या.
राखेने घासूनही न निघणारा निळा अंगठा
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात.

पहिलीच गोष्ट चंद्रावरच्या माणसाची.
काम एवढंच, की येणाऱ्या यानांना वाट दिसावी
म्हणून रोज दिवा बदलायचा.
साल दिलंय एकोणीसशे सत्त्याण्णव.
सत्त्याण्णव साली मी गणितात गचकलो
आणि चंद्रावर कुणी दिवा लावला नाही.

लेखकाला वाटलं, तिथे विडी ओढता येईल.
वाटलं, पत्रं येतील, तिकीट चिकटवलेली.
वाटलं, संगणक खोलीएवढा असेल, रात्रभर घरघरेल,
आणि त्याला थंड ठेवायला एक माणूस लागेल.
यावर मी खूप वर्षं हसलो.
खिशात फोन आला तेव्हा तर फारच.
आता चार मजले घरघर आहे डोक्यावर,
छतावर कूलिंग टॉवर, खाली डिझेलच्या टाक्या,
आणि माणूस लागतो.

बाबा वाचून दाखवायचे, मध्येच थांबून म्हणायचे,
"चंद्रावं जाऊन पन रातपालीच क रं?"

मग एका पानावर पृथ्वीवरून पत्रं येणं थांबतं.
लढाई, रोग, की नुसताच विसर,
लेखक सांगत नाही.
यानंही येत नाहीत.
'दिवा बदलला. नोंद केली.'
खाली पुन्हा तेच. खाली पुन्हा.

या पानावर अंगठा सगळ्यात फिका.
टाळेबंदीचं वर्ष असणार, रंग उतरत गेलेला.
आई सांगते, कारखाना सात महिने बंद होता
तरी हा माणूस डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचा.
समासात शिसपेन्सिल: किराणा, फी, औषध,
'जमिनीचे आले तर' आणि पुढे नुसती रेघ.
ठसे मात्र मोजले मी.
एकावर एक, पाच.

ट्रेनी आलीय कळव्याची, शर्वाणी भोपी.
गोष्टीतलं साल उलटून गेल्यावर जन्मलेली.
स्वेटरवर जॅकेट, बर्फासारख्या गल्लीत उकिडवी बसून
तिने गठ्ठा मांडीवर घेतला.
विडीला हसली नाही, पत्रांनाही नाही.
एकदाच विचारलं, "याच्या घरी कुणी नाही का?"
"आहे," म्हटलं, "दोन पानं थांब."

शेवट मी सांगणार नाही.
गठ्ठा ड्रॉवरमध्ये आहे, ज्याने त्याने येऊन वाचावा.
तिने वाचला. बराच वेळ काही बोलली नाही.
पलीकडे पारसिकच्या डोंगरावरचा लाल दिवा
लागत होता, विझत होता.

चार चाळीसला ती उठली, फेरी मारून आली,
दोरीचं पेन उचललं.
सकाळी सही करताना पाहिलं,
तिच्या गोल अक्षरात:
बावीस. नोंद केली.

आमच्या वहीत असा रकाना नाही.