झेरॉक्समध्ये आलं नाही

सैनिक कार्यालयातला क्लार्क म्हणाला,
प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. साक्षांकित.
म्हणून आप्पांची पत्र्याची पेटी
मांडीवर धरून औशाला आणली, भावाच्या मोटारसायकलवर.
झाकणावर पांढऱ्या रंगात: ले. मा. ह. टोम्पे, सिग्नल्स.
‘टोम्पे’तला टो उडालेला.

हिशेबाची वही उर्दूत.
निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस
दूध, रॉकेल, बहिणीच्या लुगड्याचे पैसे
मरेपर्यंत उजवीकडून डावीकडे मांडत होता.
पलटणीचं सगळं इंग्रजीत.
संदेशाच्या छापील चिठ्ठ्या, वेळ चार आकड्यांत,
एकीवर कपाच्या बुडाचं वर्तुळ;
कुठल्या डोंगरावर तो चहा निवला, ते लिहिलेलं नाही.
रेडिओचं लायसन, वर्षाला पंधरा रुपये.
आणि राखीव दलाचं कार्ड, घडीवर पिवळी चिकटपट्टी:
गाव सोडताना पत्ता कळवावा.
बोलावणं येताच हजर व्हावं.
आप्पा किल्लारीला बहिणीकडे जेवायला निघाले
तरी आधी ठाण्यात सांगून यायचे.
जमादार म्हणायचा, साहेब, भाकरी तर खाऊन या निवांत.

एकाहत्तरच्या थंडीत बोलावणं आलंच.

तिथून आलेली पत्रं मराठीत.
आईला अक्षर येत नव्हतं.
गुरुजी ओट्यावर बसून वाचायचे, खणखणीत,
‘इकडील सर्व क्षेम’ अर्ध्या गल्लीला कळायचं.
मग आई कागद मागून घ्यायची.
बायकांना वाटायचं, डोळ्यांना लावते.

झेरॉक्सवाला अल्ताफ म्हणाला,
ताई, ह्याला कसर लागलीय.
ट्यूबलाइटसमोर धरलं तर कडेनं भोकं,
टाचणीची. जवळजवळ दोन, मग लांब फट, मग तीन.
मशीनमधून निघालेल्या प्रतीत
समास स्वच्छ, कोरा.

मी मोबाइलवर मोर्सचा तक्ता काढला,
रात्री दोनपर्यंत जुळवत बसले.
काहीच्या बाही निघालं.

सकाळी पत्र आईच्या हातात दिलं.
चौऱ्याऐंशी वय, दोन्ही डोळे गेलेले.
अंगठा निघाला, थांबला, मागं गेला, पुन्हा निघाला.
“विहिरीचा दोर बदल म्हनलालेत.”
मग जरा हसून:
“रजेत आल्ते तवा शिकवलं. परात पालथी घालून. धा रातीत.”

ती विहीर बुजून वीस वर्षं झाली.
वर मंगल कार्यालयाच्या गाड्या लागतात.

पेटीच्या तळाशी एक कागद होता.
शाईचा ठिपका नाही, तारीख नाही,
नुसती भोकं, चारी कडा भरून मध्यापर्यंत.
हा गुरुजींपर्यंत गेलाच नसणार.
मी चहा उकळून, गाळून, घेऊन आले
तरी तिचा अंगठा दुसऱ्याच ओळीवर.

हा जोडायचा का गं अर्जाला?

तिनं चार घड्या केल्या,
उशीच्या अभ्य्रात सारल्या.
“त्येच्यात पेन्शनीचं काई न्हाई.”