रिकामा डबा

आमच्या डिचोलीत त्याला पेत्रोल म्हणत.
पोर्तुगेजांच्या तोंडचं नाव.
मोटारीत घालतात ते वेगळं,
पण मोटार होती कुणाकडे?
घाटावरून आलेली माणसं घासलेट म्हणायची,
पुढे रेशनकार्डावर त्याचं रॉकेल झालं,
आणि बाबा सगळी नावं ठाऊक असून
नुसतं 'ते' म्हणायचे.
ते संपलंय. ते आण. त्याच्याजवळ विडी नको.
रात्री सापाचं लांबडं होतं, तसं.

सोयरू च्यारी. घराणं समया घडवणाऱ्यांचं.
पितळ थोरल्या काकांकडे गेलं,
बाबांच्या वाट्याला पत्रा.
अठरा लिटरचा चौकोनी डबा रिकामा झाला
की त्याचं नरसाळं, बादली, उंदराचा सापळा,
आणि उरल्या कोपऱ्यातून एक चिमणी.
तेलाच्याच कातडीतून तेलाला तोंड.

नाकेबंदीच्या एका वर्षी
दोडामार्गाच्या पलीकडून, काजूच्या रानातून
डबा डोक्यावर घेऊन ते चालत आले.
बत्ती लावायची नाही.
एक तर शिपाई बघेल,
दुसरं, 'ते' बघेल.
अठरा लिटर उजेड डोक्यावर
आणि पायाखालचा दगड दिसत नाही.
डबा वाटेत झिरपू लागला, सांध्यातून.
झाळ त्यांचीच होती.
म्हणून शिव्या कुणाला देता आल्या नाहीत.
मानेवर हाताएवढा चट्टा राहिला,
न्हावी तिथे वस्तरा न लावताच पुढे जायचा.

म्हांब्रे मास्तर चिमणी दुरुस्तीला आणत
आणि पैशांऐवजी माहिती देत.
म्हणाले, सोयरू, मातीचं तेल म्हणतात ते चूक.
हे समुद्राचं.
परशुरामानं हटवला त्याच्याही आधीचा समुद्र.
पिसवेहून बारीक जीव,
ऊन खाऊन जगायचे, मरून तळाला जायचे,
वर गाळ, गाळावर गाळ,
कोट्यवधी वर्षं कुणी हाक मारली नाही.
मग बगदादचे हकीम ते भट्टीत चढवून पांढरं करू लागले.
नफ्त म्हणायचे. दुखऱ्या सांध्यांना चोळायचे,
आणि मडक्यात भरून, पेटवून, तटावरून शत्रूवर फेकायचे.
बाबा म्हणाले, मग आमच्या वैद्यासारखंच.

देवीला मात्र ते चालत नसे.
गाभाऱ्यात खोबरेल.
भटजी म्हणाले, वास येतो, शिवाय मेलेल्यांचं आहे.
बाबांनी विचारलं,
खोबरं काय जिवंत असतं?
उत्तर आलं नाही. तीर्थ आलं.

पण जत्रेचं नाटक त्याच्यावरच चाले.
एकदा रंगात आलं असताना,
सात जणांनी घेरलेला कोवळा राजपुत्र
शेवटचं भाषण करत असताना,
बत्ती पिवळी पडली.
बाबा खाकी चड्डीत व्यूहात शिरले,
महारथ्यांना कोपरानं बाजूला सारून
पंधरा-वीस पंप मारले,
जाळी पांढरीफेक झाली,
आणि आले तसे बाहेरही पडले.
गावात अजून सांगतात:
आत जायचं सगळ्यांना येतं,
बाहेर यायचं फक्त सोयरूला.

मी वीज खात्यात. मीटर वाचतो.
लोकांच्या घरात किती उजेड जळाला
ते आकड्यात लिहून आणतो.
रेशनवरचं रॉकेल बंद झालं
तेव्हा बाबा नव्हते,
नाहीतर म्हणाले असते, 'ते' गेलं,
आणि कोण गेलं हे आम्हाला विचारावं लागलं असतं.

छपरावर एक ठिगळ तेवढं राहिलंय,
शेवटच्या डब्याचं, उलट्या अक्षरांचं.
दुपारी ऊन नेमकं तिथं येऊन पडतं
आणि पत्रा कडकड वाजतो.
बायको म्हणते, तापला की अजून वास मारतो.
मला येत नाही.
माझ्या नाकात दुसरा कुठला
कधी गेलाच नाही.