पाचशेपंचवीस पट

खोक्यावर लिहिलंय: पाचशेपंचवीस पट.
शेजारी गुलाबी-निळ्या तेजोमेघाचा फोटो,
जो या नळीतून कुणालाच कधी दिसणार नाही.
नाव सोनूबाई. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

इन्व्हरकार्गिलच्या जुन्या सामानाच्या दुकानात
पंधरा डॉलर, तिपाईसकट.
तिपाईचा एक पाय मी तांब्याच्या तारेने आवळला.
ब्लफच्या धक्क्यावर बोटींचे फ्रीज दुरुस्त करतो मी,
तार खिशात असतेच.

पहिल्या रात्री हावरटपणा केला.
सगळ्यात बारीक नेत्रिका, तिच्याखाली तिप्पट करणारी कांडी,
आणि गुरू.
दिसलं काय? ताकात बुडालेला दिवा.
श्वास घेतला की थरथरे, सोडला की पळून जाई.
मेरेआना म्हणाली, "बाबा, हा गुरू आहे की तुझी पापणी?"
पापणीच होती.

मग नळी उघडली. मला तेवढंच येतं.
पुढे साठ मिलिमीटरचं भिंग,
आणि वीतभर आत, काळ्या प्लास्टिकची चकती,
मधोमध भोक. उजेडाला वाट चाळिसाचीच.
भिंगाची कड कच्ची होती, म्हणून कारखान्यात कुणीतरी
कडेचा उजेड डोळ्यापर्यंत येऊच दिला नाही.
राग यायला हवा होता.
पण मीही माणसांत असाच वावरतो,
मधल्या भागातून, कडा झाकून.

नेत्रिकेआधीचा तिरका आरसा तडकलेला, तो काढून टाकला.
आता डोळा थेट नळीला लावायचा, मान मोडून,
आणि जग दिसतं खालचं वर, डावं उजवीकडे.
धक्क्यावरची क्रेन आभाळातून लोंबते.
सीगल पाठीवर उडतो.
पस्तीस पट, बस्स. त्याहून जास्त मागायचं नाही.

पौर्णिमेला शेजारच्या वीत्स्केबाई काठी टेकत आल्या.
वय चौऱ्याऐंशी. फ्रीसलँडहून बोटीने आल्या, एकोणिसाव्या वर्षी,
आणि परत कधी गेल्या नाहीत.
म्हणाल्या, "दाखव, पण मला काही दिसायचं नाही."
मी नळी धरली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

चंद्राला जांभळी किनार होती, शिंपल्याच्या आतल्या कडेसारखी,
स्वस्त काचेची खूण.
दोन मिनिटांत तो काठावरून ओघळायचा,
मी नळी बोटभर ढकलायचो,
तिपाई डोलायची, आम्ही वाट पाहायचो.

वीत्स्केबाई काही बोलेनात.
नंतर, डोळा न काढता:
"उभा आहे."
कोण?
"लाकडं चोरणारा. रविवारी मोळी बांधली म्हणून
चंद्रावर टाकलेला. आई दाखवायची.
या देशात आल्यापासून तो पायांनी टांगलेला आहे.
पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, बोटीवरून आपण पडलोय,
आणि अजून पडतोच आहोत."

मी पुस्तिका पाहिली. तिच्यातलं चंद्राचं चित्र
उत्तरेकडच्या लोकांसाठी छापलेलं.
इथे आभाळात ते उलटं,
आणि नळीने उलट्याला पुन्हा उलटं केलं.
टायकोचं विवर, जे आमच्याकडे माथ्याजवळ असतं,
तळाशी गेलं होतं, आपले पांढरे धागे पसरून.

आता मेरेआनाची पाळी.
तिने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.
"रोनाचं पाणी सांडलं की!"
तिच्या आजीची रोना, भोपळ्याचं भांडं घेऊन
पाणी आणायला निघालेली, चंद्राला शिवी दिली म्हणून
झाडासकट वर ओढली गेलेली.
आता ती डोक्यावर उभी, भांडं उपडं.

वीत्स्केबाई हसल्या. "मग आज तिची पाळी."
मेरेआनाला ते पटलं नाही.
ती ओल्या गवतात उताणी पडली,
नळीखाली डोकं घातलं, हनुवटी आभाळाकडे,
एक डोळा मिटून सरकत राहिली,
आणि ओरडली, "धर बाबा, हलवू नकोस, भरतंय!"

तार सैल होत होती.
मी दोन्ही हातांनी तिपाई धरून ठेवली.