एक पूर्णांक एक

आमच्या वर्कशॉपमध्ये तास साठ मिनिटांचा नसतो.
दहा तुकड्यांचा असतो, एकेक तुकडा सहा मिनिटांचा.
ब्रेक पॅड, पुढचे: आठ तुकडे.
क्लच प्लेट: बेचाळीस.
हेडलाइटचा बल्ब: दोन, आणि त्यात
बॉनेट उघडणं, हात पुसणं, बॉनेट लावणं सगळं आलं.

हे आकडे कंपनीकडून येतात.
कुणीतरी कुठंतरी स्टॉपवॉच धरून बसलं असेल
नव्याकोऱ्या गाडीपुढे, थंड हॉलमध्ये,
जिथे प्रत्येक नट बोटानं फिरतो
आणि दहा नंबरचा पाना कधीच हरवत नाही.
तासाचा भाव मात्र आम्ही ठरवला, इथे बडोद्यात:
शेठ, अकाउंटवाला त्रिवेदी आणि मी,
मकरपुऱ्यातल्या तीन गॅरेजांना फोन करून,
गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन.
सव्वासहाशे निघत होते. शेठ म्हणाले, सहाशे चाळीस करा,
एसीवाली वेटिंग रूम आहे आपली.

त्यातले जगमालला किती
हे बोर्डावर लिहीत नाहीत.

मंगळवारी दहेजहून गाडी आली. चौदा वर्षांची,
खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली.
लोअर आर्म बदलायचा. पुस्तकात: एक पूर्णांक एक.
मी जॉब कार्डावर अकरा तुकडे लिहिले,
सातशे चार रुपये, वर टॅक्स.
माहूरकरांनी चष्मा कपाळावर चढवून सही केली.

बोल्ट हलला नाही.
जगमालनं तेल सोडलं, वाट पाहिली.
तीन तुकडे वाट पाहण्यातच गेले.
मग पान्याला पाइप लावून लटकला.
मग गॅस पेटवला, जळक्या रबराचा वास शेडभर.
शेवटी ग्राइंडर. ठिणग्या त्याच्या उघड्या घोट्यावर.
सकाळी अकराला आत गेलेली गाडी,
तीन वाजता बोल्ट दोन ठिकाणी मोडून जमिनीवर
आणि कार्डावर अजून एक पूर्णांक एक.

‘कारण’ असा एक रकाना असतो, बोटभर.
मी लिहिलं: गंज.
कॉम्प्युटरनं गंज घेतला नाही.
त्याच्या यादीत पार्ट उशिरा, लाइट गेली,
गिऱ्हाइकाचा फोन लागला नाही,
एवढीच कारणं आहेत. मी लाइट घालवली.

माहूरकर काचेतून सगळं बघत होते.
पैसे मोजताना हळूच म्हणाले,
चार तास लावले त्यानं. नवीन आहे का हो?
जगमालला इथे बावीस वर्षं झाली.
तो पलीकडे साबणानं कोपर घासत होता.
ऐकलं त्यानं. म्हणाला, चालशे.

शेठ म्हणतात, शेवटी हिशेब मिळतोच:
परवा ब्रेक पॅड आठाचे तीनात झाले होते की नाही?
झाले होते.
वाचलेले पाच, गेलेले एकोणतीस.
मी शेठपुढे वजाबाकी केली नाही.

शनिवारी माझी जुनी स्कूटर
प्रतापनगरच्या पुलापाशी बंद पडली.
फुटपाथवर टायर टाकून एक म्हातारा बसला होता,
ना बोर्ड, ना पुस्तक.
कार्ब्युरेटर सोडवला, फुंकला,
जेटमधून कॉलरची टाचणी फिरवली, किक मारली.
केटला? मी विचारलं.
त्यानं घड्याळ बघितलं नाही. माझे बूट बघितले,
खिशातलं पेन बघितलं, गळ्यातलं आयकार्ड वाचलं
आणि म्हणाला, बसो.

आणि मी, ज्यानं मंगळवारी
एकोणतीस तुकडे कुठंही लिहिले नव्हते,
मी म्हणालो,
दस मिनिट पण नथी थई, काका.

दीडशेवर मिटलं.
सिग्नलला उभा असताना सवयीनं मोजलं:
दोन तुकड्यांचे दीडशे,
म्हणजे तासाला साडेसातशे. आमच्याहून महाग.
आणि सगळेच्या सगळे त्याचे,
मी कापलेले पन्नास सोडून.