तीस तेर्स

मागच्या सीटवर पिएदाद आंटी.
मांडीवर पिशवी, पिशवीत पेरादाच्या वड्या
दोनदा गुंडाळलेल्या, वास तरी सुटलेलाच.
"पुता, गॅटविक किती लांब?"

साडेसात हजार किलोमीटर, मी म्हटलं. दहा तास.
आणि असोळण्याहून मोपा ऐंशी, त्याला अडीच.
तिने काचेबाहेर पाहिलं,
जणू मी भाडं चढवून सांगितलंय.

"दाबोळी बरी होती," एवढंच.
वेर्ण्याला ती मणी ओढू लागली.
कुठ्ठाळीचा पूल संपला तेव्हा शेवटचा मणी.
"एक तेर्स. वीस मिनिटं.
म्हणजे गॅटविक तीस."
हिशेब इतका सरळ
की गोव्यातल्या टॅक्सीवाल्याला पहिल्यांदाच वाटलं,
आपल्याकडे मीटर असायला हवा होता.

पर्वरीत उड्डाणपुलाचं काम, गाड्या नुसत्या उभ्या.
चार किलोमीटर, दोन तेर्स.
ती म्हणाली, कायतान तारवटी होता.
मुंबईला बोटीत चढला की तो कुठवर गेला
ते पत्र आलं म्हणजे कळायचं.
पाकिटाला डिझेलचा वास असला तर लांब,
साबणाचा असला तर कुठल्यातरी बंदरात,
आणि मग ती बराच वेळ बोलायची नाही.

"तिथे घड्याळ साडेपाच तास मागे म्हणतात?"
हो.
"मग ते साडेपाच कोणाकडे राहतात?"
म्हापशाच्या वळणावर मी हॉर्न वाजवला.
समोर कोणी नव्हतं.

धारगळ मागे पडल्यावर मीच सांगितलं,
विमान जमीन सोडतं ना, साधारण तिथे
आमची काजू होती.
धावपट्टी साडेतीन किलोमीटर. विमानाला पाऊण मिनिट.
बाबांना, टोपली घेऊन बोंडू वेचत जायचं तर
सकाळ पुरायची नाही.
ऊन डोक्यावर आलं की ते मागे फिरायचे,
अर्धं पठार उद्यावर टाकून.

उतरताना तिने पैसे मोजून दिले,
वर एक वडी.
"मी वर जाताना खाली बघेन. कुठल्या बाजूला?"
डाव्या, मी म्हटलं.
खरं तर मलाही आता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाच्या नंबरवरून निरोप:
"पावलें. सत्तावीसच झाले.
मध्ये डोळा लागला."

म्हणजे तीन राहिले.
एक तास.
मी मोपाच्या रांगेत, पुढे अकरा गाड्या.
तेर्स मला म्हणता येत नाही.
वडीचा कागद डॅशबोर्डवर तसाच,
आणि स्टिअरिंगपासून त्याच्याकडे
एक मुंगी मघाची निघाली आहे.